पितळ उघडे पाडणारी काटकसर

शनिवारची दुपार असते. अमेरिकेतील एखाद्या लहान शहराच्या उपनगरात, घराला लागूनच असलेल्या गॅरेजमधून सलग घरघर ऐकू येते. शेजारी नव्याने राहावयास आलेल्या मराठी कुटुंबाला वाटते की कपडे धुण्याचे यंत्र चालू असावे. प्रत्यक्षात तेथे एका थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा भरडा घातलेला असतो आणि त्या भरड्यात चार-पाचशे पितळी पुंगळ्या घोळत असतात. घरमालक सकाळी नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आलेला असतो. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या त्याने वाकून वाकून, एकेक करून वेचून आणलेल्या असतात. आता त्या स्वच्छ करून, तपासून, पुन्हा भरण्यायोग्य करण्याचे त्याचे काम सुरू असते.

अमेरिका म्हटले की बंदूक आणि बंदूक म्हटले की शाळा-बाजारांतील हत्याकांडे, एवढेच चित्र भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र खोटे नाही. त्या देशातील शस्त्रविषयक वाद तेथील जनतेने सोडवावयाचा आहे, आणि तो अद्याप सुटलेला नाही, हेही खरे. परंतु या गॅरेजमधल्या पितळेच्या कामात त्या वादापलीकडचे काही आहे. वस्तू जपून वापरणे आणि वस्तू पारखून वापरणे, या दोहोंतील अंतर तेथे फार स्पष्ट दिसते. काटकसरीचा वारसा सांगणाऱ्या मराठी मध्यमवर्गाने ते अंतर नीट पाहिले पाहिजे.

रिकामे, पण टाकाऊ नव्हे

काडतुसाचे भाग चार. पुढे शिशाची वा तांब्याने मढवलेली गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी स्फोटक टोपी, म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. चाप ओढला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. चारांपैकी पुन्हा वापरता येईल असा हा एकच भाग, आणि सामान्यतः सर्वांत महागही तोच. ही पुंगळी साधारणतः सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्त अशा पितळेची असते. या मिश्रणाला धातुशास्त्रात नावच ‘काडतुसी पितळ’ असे पडले आहे. ते ताणले जाते, फुगते आणि तरीही चटकन फाटत नाही.

पूर्वी असे काही मागे उरत नसे. १८५७ साली बराकपूरच्या छावणीत ज्या काडतुसांवरून असंतोषाचा भडका उडाला, ती कागदी होती. दातांनी कागद फाडावा, दारू नळीत ओतावी आणि बार उडवावा, अशी ती रीत. त्यानंतरच्या काही दशकांत पितळी काडतूस रूढ झाले आणि प्रत्येक बारामागे जमिनीवर एक मौल्यवान धातूचा तुकडा पडू लागला. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ मैदानांत बायसनची शिकार करणारे शिकारी दुकानापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर असत. ते दारू, शिसे आणि टोप्या बरोबर बाळगीत आणि तळावर बसून जुन्याच पुंगळ्या पुन्हा भरीत. अमेरिकेच्या सैन्यानेही त्या काळात सरावासाठी पलटणींना हे काम करण्याची साधने पुरवली होती.

दुसऱ्या महायुद्धात नागरिकांना गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा या उद्योगाला नवे बळ मिळाले. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल या गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली कुटुंबाच्या कपडे धुण्याच्या दुकानामागील खोलीत साचे बनवण्यास आरंभ केला. पॉइंट टू-टू बोअरच्या झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत, कारण त्यांत वेगळी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या काठातच भरलेले असते. हंटिंग्टन यांच्या साच्यांनी त्या निरुपयोगी पुंगळ्यांपासून नव्या गोळ्यांची आवरणे तयार होऊ लागली. पुढे त्यातूनच आरसीबीएस ही या क्षेत्रातील नामांकित कंपनी उभी राहिली. टंचाईने माणसाला दोन गोष्टी करता येतात, रडता येते किंवा हात चालवता येतात. २०१२च्या अखेरीपासून आणि पुन्हा २०२० साली महामारीच्या काळात अमेरिकी दुकानांतून दारूगोळा दिसेनासा झाला, तेव्हाही ज्यांनी पुंगळ्या जपून ठेवल्या होत्या त्यांचा सराव इतरांच्या मानाने कमी अडला. अर्थात टोप्यांची टंचाई त्यांनाही भोवलीच. स्वावलंबनालाही मर्यादा असतात.

हे काम अमेरिकेत गुप्तपणे चालत नाही. १९६८च्या कायद्यानुसार विक्रीसाठी दारूगोळा बनवणाऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरणाऱ्याला केंद्राचा तसा परवाना लागत नाही. मात्र बंदुका बनवणाऱ्या अनेक कंपन्या बजावून सांगतात, की पुन्हा भरलेल्या काडतुसाने बंदूक फुटली तर आमची हमी लागू नाही. म्हणजे सरकार मोकळीक देते, कंपनी हात झटकते आणि सारा भार येऊन पडतो तो गॅरेजमधल्या एका माणसाच्या विवेकावर. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील खटाटोपाचा अर्थ कळतो.

चिंच, लिंबू आणि सायट्रिक आम्ल

पुंगळ्या घरी आल्या की पहिले काम निवडण्याचे. कोणत्या मापाच्या, कोणत्या कारखान्याच्या, हे बुडावरील ठशावरून ओळखून त्यांचे वेगवेगळे ढीग करावयाचे. त्यांत एखादे न उडालेले जिवंत काडतूस आले नाही ना, हे याच वेळी पाहावयाचे. लोखंडाच्या वा अॅल्युमिनियमच्या पुंगळ्या बाजूला काढावयाच्या. टोपी बसवण्याच्या पद्धतीही दोन आहेत. एकीत बुडाला मधोमध एकच छिद्र असते, दुसरीत कडेला दोन. पहिली पद्धत इंग्रज अधिकारी बॉक्सर यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती अमेरिकेत रूढ झाली; दुसरी अमेरिकी बर्डन यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती युरोपात रुजली! घरी काम करणाऱ्याला पहिली सोयीची, कारण मधल्या छिद्रातून सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते.

त्यानंतर सफाई. कोरड्या पद्धतीत अक्रोडाच्या टरफलांचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा वापरतात. ओल्या पद्धतीत फिरत्या पिंपात पाणी, थोडा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक काड्या असतात. या काड्या पुंगळीच्या आत, टोपीच्या खोबणीतही शिरून काजळी काढतात. मग स्वच्छ पाण्याने धुणे आणि पूर्ण वाळवणे. थेंबभर ओल आत राहिली तरी पुढे दारू निकामी होऊ शकते.

मराठी गृहिणीला यातले बरेचसे आधीच ठाऊक आहे. दिवाळीच्या आधी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात, तेव्हा चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांचाच उपयोग होतो. चिंचेतील टार्टारिक आणि लिंबातील सायट्रिक आम्ल पितळेवर चढलेला काळा थर विरघळवते. सायट्रिक आम्ल तेच, धातू तोच. फक्त एकीकडे समई उजळते आणि दुसरीकडे पुंगळी. इतकेच नव्हे, तर धोकाही तोच. चिंचेत भांडे फार वेळ बुडवून ठेवले तर त्यावर तांबूस छटा येते, हे ज्या घरात पितळ आहे तेथे ठाऊक असते. तीव्र आम्लात फार वेळ राहिलेली पुंगळीही तशीच तांबूस पडते, कारण पितळेतील जस्त निघून जाते आणि मागे कमकुवत तांबे उरते. पितळेत ताक कळकते, म्हणून आतून कल्हई करावी लागते, हे ज्यांच्या आज्यांनी पुस्तकाविना ओळखले होते, त्यांना या रसायनशास्त्राचे नवल वाटू नये. सफाईचा पहिला नियम दोन्हीकडे सारखाच आहे. मळ जाऊ द्यावा, धातू जाऊ देऊ नये.

चकाकी हा हेतू नव्हे

तरीही समई आणि पुंगळी यांत एक मूलभूत भेद आहे. समई उजळावयाची ती शोभेसाठी, प्रसन्नतेसाठी. पुंगळी उजळावयाची ती दोष दिसावेत म्हणून. या कामात मुरलेली माणसे नवख्याला हेच सांगतात, की सोन्यासारखी लखलखणारी पुंगळी जराही अधिक अचूक बार देत नाही. धूळ, काजळी आणि वाळूचे कण निघाले, साचा आणि बंदुकीची नळी ओरखडली जाणार नाही याची खात्री झाली, की सफाईचे काम पुरे झाले. पण काजळीखाली लपलेली केसाएवढी चीर दिसण्यासाठी काजळी निघालीच पाहिजे. मराठीत ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार नामुष्कीच्या अर्थाने येतो. सोन्याचा मुलामा उडाला आणि आतले हलके धातू दिसले, असा त्याचा भाव. या धंद्यात मात्र पितळ उघडे पडणे हीच सारी साधना आहे. जे पितळ उघडे पडत नाही, तेच जीवघेणे.

याचे कारण दाबात आहे. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दर चौरस इंचास तीस-पस्तीस पौंड असतो. रायफलच्या आधुनिक काडतुसात तो क्षणार्धात पन्नास ते साठ हजार पौंडांवर जातो. तो दाब नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर निर्माण होतो आणि मागच्या बाजूने त्याला अडवून धरते ती हीच पातळ पितळी भिंत. प्रत्येक बारात आणि त्यानंतर साच्यात दाबून पूर्ववत आकार देताना पितळ थोडे थोडे पुढे सरकते. परिणामी पुंगळी लांबते आणि बुडाच्या किंचित वरच्या भागात तिची भिंत पातळ होत जाते. म्हणून साच्यातून काढलेली पुंगळी व्हर्नियर कॅलिपरने मोजावयाची. तीनशे आठ विंचेस्टर या प्रसिद्ध रायफल काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, ती ओलांडली की कापून २.००५ इंचांवर आणावयाची. इंचाच्या शंभराव्या भागाचा हा हिशेब दर पुंगळीमागे केला जातो.

मग पाहणी. पुंगळीच्या मानेवर उभी चीर आहे काय? बुडाच्या वर फिकट, चकचकीत वळे दिसते काय? ते वळे म्हणजे पुंगळी तेथून तुटण्याच्या बेतात असल्याची खूण. शंका आली तर कागदांना लावण्याची साधी पिन सरळ करून, टोक वाकवून आत घालतात आणि भिंतीवरून अलगद ओढतात. आत खाच पडली असेल तर टोक अडकते. मग ती पुंगळी कितीही उजळलेली असो, कितीही महाग असो, ती पक्कडीने चेपून भंगारात टाकली जाते. चेपावयाची अशासाठी, की चुकूनही ती पुन्हा चांगल्या ढिगात जाऊ नये.

या छंदाचे मर्म येथे आहे. पैसा वाचवण्यासाठी सुरू झालेल्या या कामात सर्वांत मोठे कौशल्य टाकून देण्याचे आहे. पाचशे पुंगळ्या वेचल्या, धुतल्या, वाळवल्या, मोजल्या आणि शेवटी त्यांतल्या तीस शांतपणे बाजूला काढल्या, तर ते श्रम वाया गेले असे समजावयाचे नाही. त्या तिसांसाठीच ते श्रम होते. ज्याला टाकून देववत नाही, त्याने हे काम करू नये. काटकसर आणि कंजूषपणा यांतील सीमारेषा कोठे असते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ती येथे असते. काटकसर करणारा वस्तूची शक्ती मोजतो, कंजूष केवळ तिची किंमत मोजतो.

तबेल्यातील धडा

पितळेच्या पारखीचा एक मोठा धडा भारताच्याच भूमीवर लिहिला गेला आहे. ब्रिटिश अमदानीत येथील लष्करी ठाण्यांवर काडतुसांचे साठे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवले जात. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या की न झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना चिरा पडलेल्या आढळत. आघात झालेला नसे, बार उडालेला नसे, धातूत भेसळ नसे. ऋतूनुसार चिरा पडतात, म्हणून इंग्रजांनी या रोगाला ऋतूवरूनच नाव दिले. त्याचे नेमके कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडले. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर परिणाम करीत होता. परंतु एकट्या अमोनियाने ही किमया केली नसती. पुंगळी घडवताना धातूला जे ओढले-दाबले गेले होते, त्याचा ताण तिच्या अंगात तसाच शिल्लक होता. आतला ताण आणि बाहेरची विषारी हवा यांची गाठ पडली आणि पितळ दुभंगले. दोहोंपैकी एक नसते तर काडतूस शाबूत राहिले असते.

उपायही त्यातूनच निघाला. घडवलेल्या पुंगळीला योग्य जागी, योग्य तितकी मंद आच दिली की ताण निवळतो. आजही अनेक हौशी कारागीर काही बारांनंतर पुंगळीच्या मानेला आच देतात, कारण वारंवार दाबल्याने ती कडक व ठिसूळ होते. मात्र ही आच बुडापर्यंत पोहोचू द्यावयाची नाही. बूड मऊ पडले तर दाबाला ते तोंड देऊ शकणार नाही. मानेने नरम असावे, बुडाने कठीण असावे, अशी ही रचना आहे. आणि अमोनिया असलेली पॉलिशे पुंगळीला लावू नयेत, ही सूचना आजही दिली जाते ती त्या पावसाळी तबेल्यांच्या अनुभवाला धरूनच. ज्या पॉलिशने पितळ सर्वांत लवकर चमकते, तेच त्याला आतून चिरू शकते! चमक देणारी प्रत्येक गोष्ट हितकर नसते, हे सांगण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. कुटुंबे आणि संस्थाही अनेकदा आघातांनी मोडत नाहीत. आतला न निवळलेला ताण आणि भोवतालची दूषित हवा यांनी त्या शांत दिवसांत दुभंगतात.

वाचलेल्या पैशाचे मोल कोण देतो?

येथवरचे वर्णन कौतुकाचे झाले. पण या कामाची एक काळी बाजू आहे आणि तिच्याविषयी बोलल्यावाचून हा विषय प्रामाणिकपणे संपवता येणार नाही. बहुतेक टोप्यांतील स्फोटक मिश्रणात शिशाचे संयुग असते. बार उडाला की त्यातील शिसे सूक्ष्म धुळीच्या रूपाने पुंगळीच्या आत चिकटते. कोरड्या भरड्यात पुंगळ्या घोळल्या की ते शिसे भरड्यात उतरते. झाकण उघडून भरडा चाळला की धुळीबरोबर हवेत उडते. ती धूळ हातांवर, कपड्यांवर, केसांवर बसते आणि त्यांच्याबरोबर गॅरेजमधून घरात येते. स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत, रांगणाऱ्या बाळाच्या तळहातापर्यंत ती पोहोचते.

शिसे मोठ्या माणसालाही अपायकारक आहे. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला तर ते फारच घातक. मुलाच्या रक्तात शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही, असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते. काळजीची पातळी म्हणून त्या केंद्राने २०१२ साली एक डेसीलिटर रक्तात पाच मायक्रोग्रॅम हा आकडा ठरवला आणि २०२१ साली तो साडेतीनवर आणला. बुद्धीची हानी, एकाग्रतेची हानी, वर्तनातील बिघाड हे परिणाम ताप-खोकल्यासारखे दिसून येत नाहीत. मूल केवळ ‘थोडे मागे’ पडते आणि कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून जाणते कारागीर काही नियम व्रतासारखे पाळतात. हे काम राहत्या खोलीत, विशेषतः स्वयंपाकघरात कधीही करावयाचे नाही. घरातील भांडी वा भांडी धुण्याचे यंत्र त्यासाठी वापरावयाचे नाही. भरडा उघड्यावर, नाकातोंडाला योग्य मुखपट्टी लावून चाळावयाचा. शक्य तर ओली पद्धत वापरावयाची, कारण तीत धूळ उडत नाही. मात्र ते गढूळ पाणी शिसेयुक्त आहे हे विसरावयाचे नाही. काम करताना खाणेपिणे नाही. उठल्याबरोबर हात आणि तोंड साबणाने धुवावयाचे, कपडे वेगळे ठेवावयाचे आणि वेळोवेळी रक्ताची तपासणी करून घ्यावयाची. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावयाचे. जो हे नियम पाळत नाही, त्याने प्रत्येक काडतुसामागे वाचवलेले पैसे खऱ्या अर्थाने वाचलेले नसतात. ते त्याने आपल्या मुलाच्या खात्यातून उचललेले असतात. सफाई करताना मळ नाहीसा होत नाही, तो केवळ जागा बदलतो. तो कोठे गेला, हे विचारणे हा सफाईचाच भाग आहे.

भारतातील पुंगळी

भारतात या छंदाचे अनुकरण करावे, असे या विवेचनाचे तात्पर्य मुळीच नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, आणि या देशाची लोकसंख्या व अंतर्गत सुरक्षेची आव्हाने पाहता तो तसाच असावा. येथे पितळी काडतुसे घडतात ती शासकीय कारखान्यांत. १८६९ पासून चालत आलेला खडकीचा कारखाना आणि १९६४ साली जळगाव जिल्ह्यात उभा राहिलेला वरणगावचा कारखाना, हे महाराष्ट्रातील दोन ठळक कारखाने २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सार्वजनिक कंपनीच्या छत्राखाली आले आहेत. नेमबाजांचे म्हणाल, तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात पॉइंट टू-टू बोअरचीच काडतुसे लागतात, आणि ती पुन्हा भरता येत नाहीत.

परंतु पुंगळीची शिस्त भारताला अपरिचित नाही. राष्ट्रीय छात्र सेनेत ज्यांनी एकदा तरी रायफल हाती घेतली आहे, त्यांना आठवत असेल, की नेमबाजी संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात आणि एक जरी कमी भरली तरी गवत चाचपत ती शोधावी लागते. त्या वयात तो जाच वाटतो. पुढे कळते, की हिशेब धातूचा नव्हता, जबाबदारीचा होता.

ही शिस्त छावणीच्या कुंपणाबाहेर आली की मात्र विरून जाते. अहिल्यानगरजवळील के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्रालगतच्या गावांत तोफगोळ्यांचे भंगार वेचताना, फोडताना माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. पितळ आणि तांबे विकून दोन पैसे मिळावेत, एवढीच त्या गरिबांची आशा. २०१८ साली वर्धा जिल्ह्यातील पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला. त्यांत मजुरीसाठी आलेले आसपासचे गावकरीही होते. २००४ साली गाझियाबादजवळील साहिबाबाद येथे परदेशातून आलेल्या लोखंडी भंगारात जिवंत गोळे निघाले आणि एका पोलाद कारखान्यात दहा कामगार प्राणांस मुकले. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक करण्यात आले. अमेरिकेतील एक हौशी माणूस आपल्या टेबलावर पहिल्या पाच मिनिटांत जे करतो, म्हणजे ढिगात जिवंत काही नाही ना हे पाहतो, ते येथे दहा जीव गेल्यावर अधिक कसोशीने होऊ लागले.

शिशाची गोष्टही दूरची नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांमागे एका मुलाच्या, म्हणजे सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण पाच मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक आहे, आणि त्यांत भारतातील मुलांचा वाटा फार मोठा आहे. त्याच्या प्रमुख कारणांत जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवण्याचा धंदा येतो. या बॅटऱ्या येतात कोठून? मध्यमवर्गीय घरांतील इन्व्हर्टर आणि मोटारींतून. दारावर आलेला भंगारवाला शंभर-दोनशे रुपये अधिक देतो, म्हणून बॅटरी त्याच्या हवाली केली जाते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापराच्या साखळीतच जावयास हवी, हे ठाऊक नसते किंवा ठाऊक असूनही सोयीचे नसते. जुनी वस्तू वाया घालवली नाही, याचे समाधान घराला मिळते. विष मात्र कोणत्या तरी वस्तीत, कोणाच्या तरी पाळण्याशेजारी वितळत राहते.

पुनर्वापराचा गौरव आज सर्वत्र होत आहे आणि तो योग्यच आहे. ज्या समाजाने धोतराचे पंचे, पंचाचे फडके आणि फडक्याचे पोतेरे केले, त्याला पुनर्वापर कोणी बाहेरून शिकवावयास नको. परंतु फडके आणि बॅटरी, पंचा आणि पुंगळी यांत फरक आहे. आधुनिक वस्तूच्या पोटात दाब असतो, विष असते, न दिसणारी चीर असते. तिच्या बाबतीत जुनी काटकसर पुरेशी नाही. तिला पारखीची जोड हवी. वस्तू घरातून बाहेर पडताना ती कोणाच्या हाती जाते, ती फोडणारा हात कोणाचा आहे आणि तिचा मळ कोणाच्या अंगणात सांडणार आहे, हे तीन प्रश्न विचारले गेले तरच काटकसर हा संस्कार ठरेल. एरवी ती केवळ स्वतःच्या घरापुरती बचत.

गॅरेजमधली घरघर संध्याकाळी थांबते. टेबलावर दोन डबे असतात. एकात पारखून घेतलेल्या पुंगळ्या, दुसऱ्यात चेपून टाकलेल्या. शेजारी हात धुण्याचा साबण असतो आणि दारापाशी मुलांनी ओलांडू नये अशी रेषा. पहिल्या डब्याकडे पाहून त्या माणसाची मिळकत मोजता येईल. त्याची योग्यता मोजावयाची असेल, तर दुसरा डबा, तो साबण आणि ती रेषा पाहावी. येत्या दिवाळीत माळ्यावरचे पितळ खाली उतरेल, तेव्हा जिन्याखाली पडून असलेल्या जुन्या बॅटरीकडेही घराघरांतून अशीच नजर वळली, तर त्या दूरच्या गॅरेजमधला धडा येथवर पोहोचला असे म्हणता येईल.